लेबलावर ४५, पेल्यात किती?

बडीशेपेच्या चवीच्या मद्यांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांना एकच गोष्ट हवी आहे: यातले कडक कोणते? आधी एवढे ध्यानात घ्या, की बाटलीत अल्कोहोल किती, पेल्यात किती येते आणि जिभेला चव किती जोरात लागते, हे तीन निराळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की तुलना फसते.

प्रश्न : ऊझो, राकी, अराक, पास्तिस, साम्बुका आणि ॲब्सिंथ. कडकपणाच्या चढत्या क्रमाने कसे लावाल?

नुसत्या लेबलावरून लावायचे तर सर्वांत खाली गोड ॲनिसेट आणि कोलंबियाचे अग्वार्दिएन्ते येतात. मारी ब्रिझार या कंपनीचे ॲनिसेट २५ टक्क्यांचे असते, अग्वार्दिएन्ते बहुधा २४ किंवा २९ टक्क्यांचे. त्यांच्या वर इटलीचा साम्बुका, ३८ ते ४२. ग्रीसचा ऊझो ३७.५ पासून ४८ पर्यंत कुठेही सापडतो. फ्रान्सचे पास्तिस आणि तुर्कस्तानची राकी या दोन्ही बाटल्यांवर बहुतेक वेळा ४५ असते. लेबनॉनचा अराक ५० ते ५३. सर्वांत वर ॲब्सिंथ: ४५ पासून सुरू होऊन ७० च्याही पुढे जाते. पेर्नो फिस या जुन्या कंपनीचे ॲब्सिंथ ६८ टक्क्यांचे होते आणि आजही अनेक उत्पादक त्याच आकड्याच्या आसपास राहतात.

हा क्रम मात्र प्रकारांचा झाला, बाटल्यांचा नव्हे. लेस्व्होस बेटावरच्या प्लोमारी या एकाच गावात ४० टक्क्यांचा ऊझो बनतो आणि ४६ टक्क्यांचाही. स्पेनमधल्या चिंचोन गावचे ॲनिस गोड असेल तर ३५ च्या आसपास, आणि ‘सेको एस्पेसियाल’ (खास कोरडे, म्हणजे बिनगोड) असेल तर थेट ७४ पर्यंत. म्हणून नावावरून अंदाज बांधू नये, आकडा वाचावा.

युरोपीय संघाच्या नियमांतले किमान आकडे माहीत असले तर संशयास्पद बाटली ओळखता येते. ऊझो ३७.५ पेक्षा कमी असू शकत नाही, साम्बुका ३८ पेक्षा, पास्तिस ४० पेक्षा. ‘पास्तिस द मार्सेय’ असे लिहायचे असेल तर ४५ हवेतच. नुसते ‘ॲनिस’ असेल तर किमान ३५.

पास्तिसचा ४५ हा आकडा कुठून आला, तेही सांगायला हवे. बडीशेपी मद्याचा प्राण म्हणजे ॲनेथॉल हे सुगंधी द्रव्य. ते अल्कोहोलमध्ये सहज विरघळते, पाण्यात जवळजवळ नाहीच. मार्सेयच्या पास्तिसमध्ये लिटरला २ ग्रॅम ॲनेथॉल असते आणि एवढे ॲनेथॉल बाटलीत स्वच्छ विरघळलेले राहायला साधारण ४५ टक्के अल्कोहोल लागते. फ्रान्सने १९१५ मध्ये ॲब्सिंथवर बंदी घातली. त्यानंतर बडीशेपी मद्यांना परवानगी मिळाली ती कमी ताकदीच्या. ४५ अंशांची, म्हणजे ४५ टक्क्यांची, मुभा १९३८ मध्ये आली. पुढे पास्तिस त्याच आकड्यावर स्थिरावले. एखादे पास्तिस ४० टक्क्यांचे दिसले, तर त्यात ॲनेथॉलही बहुधा हात राखून घातलेले असते.

प्रश्न : एका जुन्या ब्रिटिश बाटलीवर ‘७० प्रूफ’ आहे, फ्रेंच बाटलीवर ‘४५°’ आणि अमेरिकी बाटलीवर ‘१०० प्रूफ’. सर्वांत कडक कोणती?

अमेरिकी. तिथले प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. फ्रेंच बाटलीवरचा अंश म्हणजे सरळ टक्काच, म्हणून ४५° म्हणजे ४५ टक्के. जुने ब्रिटिश प्रूफ वेगळे होते. त्यात १०० म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, म्हणून प्रूफचा आकडा ४ ने गुणून ७ ने भागायचा: ७० × ४ ÷ ७ = ४० टक्के. म्हणजे तिघांत सर्वांत मोठ्या आकड्याची बाटली कडक निघाली खरी, पण ७० चा आकडा ४५ पेक्षा सौम्य ठरला. बाटली कुठल्या देशातली आणि कुठल्या काळातली, हे कळल्याशिवाय प्रूफचा आकडा वाचू नका.

प्रश्न : पास्तिस ४५ आणि राकीही ४५. मग राकी लवकर का चढते?

कारण पेला भरण्याची पद्धत निराळी आहे. इथे लेबल बाजूला ठेवून हिशेब मांडायला हवा. सूत्र सोपे: मद्य किती मिली, गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७८९. आले ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. (अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ०.७८९.) पेल्यात पाणी घातल्याने हे ग्रॅम बदलत नाहीत, फक्त पेल्यातला टक्का उतरतो.

पास्तिस नेहमी २० मिली ओततात आणि त्यात पाचपट पाणी घालतात. अल्कोहोल झाले ७.१ ग्रॅम, आणि १२० मिलीच्या त्या पेल्यातली ताकद ७.५ टक्के, म्हणजे कडक बिअरइतकी. राकी ५० मिली घेऊन तेवढेच पाणी घातले, तर अल्कोहोल १७.८ ग्रॅम आणि ताकद २२.५ टक्के. लेबल एकच, पण दुसऱ्या पेल्यात अडीचपट अल्कोहोल आणि तेही तिप्पट तीव्रतेचे. शिवाय साधारण २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यानचे पेय पोटातून सर्वांत वेगाने रक्तात उतरते. त्याहून पातळ पेय हळू जाते, त्याहून तीव्र पेयाने पोट रिकामे व्हायलाच वेळ लागतो. म्हणजे निम्म्या पाण्याची राकी नेमकी सर्वांत वेगाच्या पट्ट्यात बसते. ती थाळ्याभर खाण्यासोबत संथपणे पिण्याची रीत आहे, त्यालाही हेच कारण पुरेसे आहे.

आता बाकीचे. अराक एकास दोन पाणी घालून पितात: ५३ टक्क्यांचा ३० मिली अराक आणि ६० मिली पाणी म्हणजे १२.५ ग्रॅम, ताकद १७.७. ॲब्सिंथ ६८ टक्क्यांचे, ३० मिली, चौपट पाणी: १६.१ ग्रॅम, ताकद १३.६. ऊझो ४० टक्क्यांचा, ५० मिली, तेवढेच पाणी: १५.८ ग्रॅम, ताकद २०. साम्बुका ३० मिली, ३८ टक्के, बिनपाण्याचा: फक्त ९ ग्रॅम, पण ओठाला लागतो तो पूर्ण ३८ टक्क्यांचा. या सगळ्यांत पेल्यातल्या ताकदीने साम्बुका पहिला आणि ग्रॅमने शेवटून दुसरा. लेबलावर सर्वांत वर असलेले ॲब्सिंथ पेल्यात वाइनच्या जवळपास येऊन बसते.

ही सगळी आकडेमोड मापावर उभी आहे. हाताने ओतलेले ‘२० मिली’ पास्तिस पुष्कळदा ३५ मिली निघते आणि मग ७ ग्रॅमचे १२ ग्रॅम होतात. मापाचा पेला वापरा. बडीशेपी मद्यात हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण ॲनेथॉल स्वतःच साखरेपेक्षा कितीतरी गोड लागते आणि अल्कोहोलचा चटका झाकते. जास्त पडल्याचे जिभेला कळत नाही.

प्रश्न : पाणी घातल्यावर जे जास्त दुधाळ होते ते जास्त कडक, हे खरे का?

नाही. दुधाळपणा ॲनेथॉलची साक्ष देतो, अल्कोहोलची नाही. पाणी पडले की अल्कोहोलचा टक्का खाली येतो, ॲनेथॉल विरघळलेले राहू शकत नाही आणि मायक्रॉनच्या आसपासच्या बारीक थेंबांत सुटते. हे थेंब प्रकाश विखुरतात म्हणून पांढरे दिसते. ढवळावेही लागत नाही. हे दूध आपोआप जमते आणि बराच वेळ टिकते.

उलट जास्त अल्कोहोल असेल तर दुधाळपणा उशिरा येतो. पास्तिस पाण्याच्या पहिल्याच धारेला पांढरे होते. ६८ टक्क्यांच्या ॲब्सिंथमध्ये थेंबथेंब पाणी सोडले तर सुरुवातीला तेलकट रेषा नुसत्या फिरताना दिसतात आणि पुरेसे पाणी गेल्यावरच रंग पालटतो. कमी ॲनेथॉलचा एखादा ऊझो कडक असूनही पाण्यात फक्त निळसर धूसर होईल. ॲनिसेट आणि साम्बुका पाण्यात भरपूर पांढरे होतात, अल्कोहोल कमी असूनही.

एक उपयोग मात्र आहे. एकाच ब्रँडच्या दोन बाटल्यांत सारखेच मोजून मद्य घेतले, सारख्याच तापमानाचे पाणी हळूहळू घातले आणि एक दुसरीपेक्षा बऱ्याच कमी पाण्यात पांढरी झाली, तर त्या बाटलीत आधीच पाणी मिसळले असण्याची शक्यता धरावी. पुरावा म्हणून ते पुरे नाही. शंकेपुरते पुरे आहे.

प्रश्न : अल्कोहोलमीटर विकत घेतला. ऊझोत तो बरोबर ४० दाखवतो, पण साम्बुकात शून्याच्याही वर तरंगतो. मीटर बिघडला आहे का?

मीटर ठीक आहे. ऊझोचे ४० मात्र योगायोगाने बरोबर आले असण्याची शक्यता जास्त.

हा मीटर अल्कोहोल मोजत नाही, घनता मोजतो. पेयात फक्त पाणी आणि अल्कोहोल आहे आणि तापमान २० अंश सेल्सिअस आहे, असे धरून त्यावरच्या खुणा केलेल्या असतात. साखर पडली की द्रव जड होतो, मीटर वर उचलला जातो आणि कमी दाखवतो. ढोबळ हिशेब असा: लिटरला १ ग्रॅम साखर घनता सुमारे ०.३८ ग्रॅमने वाढवते. ४० टक्क्यांच्या आसपास घनता १.६ ग्रॅमने वाढली की मीटर एक टक्का कमी दाखवतो. साम्बुकात नियमानेच लिटरला किमान ३५० ग्रॅम साखर असते. म्हणजे वाढ १३३ ग्रॅमची. लिटरभर साम्बुका ९४८ ऐवजी १०८१ ग्रॅमच्या आसपास भरतो, पाण्याहून जड. मीटर शून्याच्या वर तरंगणारच. गोड ॲनिसेटचेही तेच.

ऊझोत लिटरला ५० ग्रॅमपर्यंत साखर चालते. समजा १७ ग्रॅम आहे. मीटर त्यामुळे सुमारे ४ टक्के कमी दाखवेल. आता तापमान ३० अंश असेल तर द्रव प्रसरण पावून हलका होतो आणि ४० टक्क्यांचे मद्य ४४ च्या जवळ दिसते. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि मीटरवर सुबक ४० येते. तीच बाटली २० अंशांना मोजून पाहा, ३६ च्या आसपास दिसेल.

खात्रीने मोजायचे तर प्रयोगशाळेची रीत एकच आहे: २० अंशांना १०० मिली नमुना मोजून घ्यायचा, त्याचे ऊर्ध्वपातन करायचे म्हणजे साखर मागे राहते, निघालेल्या द्रवात शुद्ध पाणी घालून पुन्हा २० अंशांना बरोबर १०० मिली करायचे आणि मग त्याची घनता घ्यायची. घरी हे करू नये. बहुतेक देशांत परवान्याशिवाय मद्याचे ऊर्ध्वपातन गुन्हा आहे आणि उघड्या आचेवर अल्कोहोलची वाफ पेट घेते. घरच्या मीटरचा भरवसा बिनसाखरेच्या पेयापुरताच धरा: इटलीचे मिस्त्रा, बिनसाखरेचा अराक किंवा ॲब्सिंथ. राकीत लिटरला १० ग्रॅमपर्यंत साखर असू शकते, म्हणजे चूक अडीच टक्क्यांच्या आत राहते. पास्तिसमध्ये ती १०० ग्रॅमच्या जवळ जाऊ शकते. तिथे मीटर कपाटातच राहू द्या.

प्रश्न : ऊझोची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली तर पांढरे कण जमले. ताकद गेली का?

गेली नाही. शुद्ध ॲनेथॉल साधारण २१ अंशांखाली गोठते, आणि थंडीत अल्कोहोलमध्ये त्याची विरघळण्याची क्षमताही घटते. ते स्फटिक होऊन सुटले आहे. अल्कोहोल होते तेवढेच आहे. बाटली बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, लागल्यास कोमट पाण्यात उभी करा आणि हलक्या हाताने उलटीसुलटी करा. कण पूर्ण विरघळल्याशिवाय ओतू नका, नाहीतर पहिले पेले फिके आणि तळाचे उग्र लागतील.

याच कारणाने क्रम पाळावा: आधी मद्य, मग थंड पाणी, शेवटी बर्फ. बर्फावर थेट ओतले तर वर खपल्या तरंगतात आणि चव एकसारखी राहत नाही.

प्रश्न : ॲब्सिंथ इतके तीव्र लागते ते थुजोनमुळे ना?

अल्कोहोलमुळे. वर्मवुड या कडू वनस्पतीतले थुजोन मोठ्या मात्रेत विषारी आहे हे खरे, पण पेल्यातली मात्रा तिथपर्यंत जात नाही. युरोपीय संघात वर्मवुडच्या प्रजातीतल्या (आर्टेमिसिया) वनस्पतींपासून केलेल्या मद्यात किलोला ३५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ‘जुन्या काळी ते कितीतरी जास्त असे’ हा समज २००८ मध्ये तपासला गेला: बंदीपूर्व काळातल्या १३ बाटल्यांत लिटरला ०.५ ते ४८.३ मिलिग्रॅम थुजोन निघाले. ते पिणाऱ्याला आडवे करण्याचे काम ६८ टक्के अल्कोहोल थुजोनच्या कितीतरी आधी करते.

हिरव्या ॲब्सिंथला इतकी ताकद लागते त्याचे एक कारण रंगातही आहे. तो रंग वनस्पतींच्या हरितद्रव्याचा असतो आणि कडक अल्कोहोलमध्ये तो जास्त टिकतो. उजेडात ठेवल्यास तो पिवळट-तपकिरी होतो. त्याने ताकद उतरत नाही.

प्रश्न : कॉकटेलच्या कृतीत १० मिली ॲब्सिंथ आहे, माझ्याकडे पास्तिस आहे. किती घालू?

अल्कोहोल जुळवायला गेलात तर १५ मिली येईल, आणि पेय बिघडेल. पास्तिसमध्ये साखर आणि ज्येष्ठमध असते, ॲब्सिंथमध्ये दोन्ही नसतात. ७ ते ८ मिलीपासून सुरुवात करा आणि कृतीतले साखरेचे पाणी थोडे कमी करा. नुसता पेला आतून खंगाळायचा असेल तर फरक नगण्य, सरळ बदला. साम्बुका यांपैकी कशाचीही जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : विमानातून कोणती बाटली नेता येत नाही?

७० टक्क्यांहून जास्त ताकदीची कुठलीच नाही, ना हातातल्या सामानात ना तपासून दिलेल्या. ७४ टक्क्यांचे चिंचोन आणि काही ॲब्सिंथ इथेच अडकतात. २४ च्या वर आणि ७० पर्यंत असेल तर तपासलेल्या सामानात माणशी ५ लिटर, दुकानातल्या मूळ बंद बाटलीत. २४ किंवा त्याखाली धोकादायक मालाची मर्यादा लागत नाही. सीमाशुल्काचे नियम त्याहून वेगळे, ते ज्या देशात उतरणार तिथले पाहा.

प्रश्न : चक्रफूल आणि ॲनिसचे (बडीशेपेसारख्या चवीचे) दाणे घालून घरी अर्क केला, पण गाळल्यावर गढूळच राहिला. काय चुकले?

आधी सुरक्षेचे. खाद्य म्हणून विकले जाणारे चक्रफूलच घ्या. जपानी चक्रफूल दिसायला जवळजवळ तसेच असते आणि विषारी आहे. भुकटीत तर ते ओळखताच येत नाही, म्हणून अखंड फुले घ्या आणि स्रोताची खात्री करा. अल्कोहोल खाण्याच्या दर्जाचेच हवे. हात निर्जंतुक करायचे किंवा स्टोव्हसाठीचे स्पिरिट कधीही नाही.

आता गढूळपणा. बहुधा दोनपैकी एक गोष्ट झाली आहे. ९५ टक्क्यांत भिजवले असेल तर दाण्यातले जड तेल आणि राळही उतरते, आणि पाणी घातल्यावर तेच सुटते. म्हणून भिजवताना ७० टक्के पुरे. लिटरभर ४५ टक्क्यांचे पेय हवे असेल तर ९५ टक्क्यांचे ४७४ मिली अल्कोहोल घ्या, शुद्ध पाणी घालून ६४३ मिली करा, त्यात ४० ग्रॅम हलके कुटलेले ॲनिसचे दाणे (चक्रफूल घालायचेच तर एक-दोन, जास्त नको) दोन दिवस ठेवा आणि गाळा.

दुसरी चूक जास्त होते. भिजलेले दाणे बरेच अल्कोहोल धरून ठेवतात. ६४३ मिली घातलेत, हाती आले समजा ५९०. त्यात पाणी भरून सरळ लिटर केलेत तर ताकद ४५ नव्हे, ४१.३ टक्के होते, आणि थंडीत तेवढ्याने अर्क पांढरट पडायला पुरते. गाळून जेवढे आले ते मोजा, ७० ने गुणा, ४५ ने भागा: ५९० मिलीचे ९१८ मिलीच करायचे. आधीच गढूळ झाले असेल तर ९५ टक्क्यांचे अल्कोहोल १०-१० मिली घालत हलवत राहा, नितळ झाले की थांबा. घातलेले मिली लिहून ठेवा. साखर घातल्यावर मीटर तुम्हाला ताकद सांगणार नाही, हा कागदच सांगेल.